पूजेतला पाना

आर्वीत कोणाच्या गाडीचं चाक बसलं की तो आधी इकडे-तिकडे बघतो. मदतीला कोणी आहे का म्हणून नाही. पुसदेकर बाबू आसपास नाहीत ना, म्हणून. ते असले की दहा मिनिटांचं काम तासावर जातं, आणि वरून चहाही त्यालाच पाजावा लागतो.

अच्युत पुसदेकर एका सरकारी कचेरीत मोठे बाबू. इतकी वर्षं फायलींत तोंड घालून बसल्यामुळे शेवटी फाइलच त्यांच्या तोंडात जाऊन बसली. घरी वरणात मीठ कमी पडलं तरी ते ताटावरून फर्मान काढतात, "सदर वरणात मिठाबाबत योग्य ती कार्यवाही व्हावी." त्यांच्या पत्नी मंजुषाबाई मिठाची बरणी पुढ्यात आदळतात. "घ्या. करा कार्यवाही." मात्र बाबू घाबरले, चिडले किंवा रंगात आले की ही कचेरी क्षणात बंद होते, शटर खाली, आणि आतून अस्सल वऱ्हाडी माणूस धडपडत बाहेर येतो. त्यामुळे त्यांची तब्येत ओळखायला नाडी धरावी लागत नाही. भाषा ऐकली की पुरे.

पण बाबूंची खरी विद्या फायलीतली नव्हे, डिकीतली. चाकाचे नट सोडवायला आणि कसायला त्यांच्याकडे पाच हत्यारं आहेत. लोकांच्या घरात देवही इतके नसतात.

पहिला, गाडीसोबत कंपनीनं दिलेला एल पाना. हॉकीच्या काठीसारखा वाकडा आणि फुकटात आलेला, म्हणून बाबूंच्या लेखी तो शिपाई. दुसरा क्रॉस पाना, अधिकच्या चिन्हासारखा. चार टोकांना चार मापं, दोन्ही हातांनी धरून फिरवायचा. हा बाबूंचा लाडका. तिसरा लांब दांडीचा गोटी पाना. गोटी म्हणजे नटावर टोपीसारखी बसणारी लोखंडी वाटी. चौथी बॅटरीवरची गन. तिचं बटण दाबलं की घर्रर्र-टक-टक-टक असा आवाज होतो आणि शेजारची म्हैस दूध चोरते. आणि पाचवा, निळ्या पेटीत मऊ कापडावर झोपणारा टॉर्क पाना. नट हवा तेवढा घट्ट झाला की तो 'खट्' म्हणतो. त्या एका 'खट्'वर बाबू अर्धा तास बोलू शकतात, आणि बोलतात.

एस.टी. डेपोजवळ कोणी बिचारा गाडीखाली वाकलेला दिसला की बाबू स्कूटर थांबवतात, हात मागे बांधतात आणि मान तिरपी करतात.

"थांबा थांबा थांबा. जॅक लावला? नट ढिले कराच्या आंधीच जॅक लावला? आता पाना फिरन, चाक फिरन, अन् तुमीबी फिरसान."

मग सुरू. नट आधी जमिनीवर ढिले करायचे, चाक नंतर उचलायचं. पाना सहा बाजूंनी नटाला चिकटला पाहिजे, सैल पान्यानं नटाचे कान झिजतात. गन सोडवायला, कसायला नाही. कसताना पहिले वेढे हातानं, आणि मग एकापुढे एक नाही तर समोरासमोर, चांदणी काढतात तसं. आणि सगळ्यांत शेवटी, बोट वर करून, आवाज खाली आणून, ते महावाक्य: "अन् पाइप लावाचा नाई. ज्याच्या हातात अक्कल नाई, त्याच्या हातात पाइप."

पाइप म्हणजे पान्याच्या दांडीत घुसवायचा लोखंडी नळ. दांडी लांब झाली की जोर वाढतो, नट कुरकुरत घट्ट होतो, आणि पुढच्या वेळी देवाच्या बापालाही सुटत नाही. पाइप लावणारा माणूस बाबूंना हलक्या कुळातला वाटे.

दुःख असं की बाबू सांगतात ते सगळं बरोबर असतं. चुकीचं सांगणाऱ्याला माणूस हाकलून तरी देतो. आणि त्याहून मोठं दुःख असं की रस्त्यावर पंक्चर झालेलं एकही चाक बाबूंनी आजवर बदललेलं नाही. रविवारी अंगणात, सावलीत, पायाखाली सतरंजी घेऊन ते चांगलं असलेलं चाक काढतात, त्याकडे बघतात आणि परत लावतात. याला ते 'सराव' म्हणतात. मंजुषाबाई 'भातुकली' म्हणतात.

तर, या बाबूंच्या मनाला यंदा दसऱ्याच्या आधी एक गोष्ट लागली.

त्यांची मोठी बहीण सुलोचनाबाई त्याच गल्लीत राहते. तिच्या सुमीतचा साखरपुडा हिंगणघाटच्या सुरभीशी ठरला. दसऱ्याचा दिवस, दुपारी बाराच्या आत. सगळं चांगलं होतं. फक्त नवरदेव कोणत्या गाडीतून जाणार, यावर सुलोचनाबाई सहज बोलून गेल्या, "रूपरावची गाडी सांगतली मी. सात जनं बसतात, पाय लांब करता येते."

रूपराव म्हणजे बाबूंच्या समोर राहणारे शेतकरी. पांढरी, उंच, सात सीटची गाडी. तिच्या सीटखाली पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, काड्या आणि चाकांवर शेताची माती. आणि त्यातून भाचा उतरणार?

"अक्का," बाबू म्हणाले, आणि कचेरी बंद झाली, "सख्खा मामा जित्ता असताना पोरगा शेजाऱ्याच्या गाडीतून उतरन? लोक इचारतीन ना, गाडी कोनाची म्हून."

"तं सांगू ना रूपरावची म्हून. त्यात काय लपवाचं हाय?"

बहिणीला कळलंच नाही. बाबूंच्या डोळ्यांपुढे रोज आंघोळीच्या वेळी एक देखावा उभा राहत होता. हिंगणघाटचा मांडव. ओवाळायला बाया. गाडी थांबते. दार उघडतं. नवरदेवाचा पाय बाहेर. गर्दीतून एक जाड, सुखवस्तू आवाज: "वा! गाडी कोणाची?" आणि सगळ्यांचं एकसाथ उत्तर: "मामाची!" इथपर्यंत आलं की बाबू अंगावर एक तांब्या जास्त घेत.

खंडेनवमी उजाडली. या दिवशी ज्याची जी हत्यारं, ती पाटावर. सुताराची पटाशी, शेतकऱ्याचा विळा, शिंप्याची कात्री. त्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि दसऱ्याला सोनं वाटून होईपर्यंत कोणी त्यांना हात लावत नाही. बाबूंचं हत्यार खरं म्हणजे पेन. पण पेन ठेवून शोभा येते का? पाचही पाने मांडले, सहावा जॅक. सगळे घासून, तेल लावून, रांगेत. वरून अगरबत्ती.

मांडण्याआधी मात्र त्यांनी एक काम उरकलं. न जाणो, उद्या गाडी नवरदेवाला न्यायची वेळ आली तर? म्हणून चाकांचे नट तपासले. टॉर्क पाना लावला. 'खट्.' बरोबर होतं. पुन्हा लावला. 'खट्.' हेही बरोबर. पण आतून समाधान होईना. 'खट्' काय, कोणीही म्हणतं. नवरदेवाची गाडी आहे, घट्ट म्हणजे घट्ट पाहिजे. बाबूंनी फाटक बंद केलं. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग विहिरीच्या मोटारीमागून एक हातभर लांबीचा नळ काढला, गोटी पान्याच्या दांडीत घुसवला आणि गाडीचा टप धरून त्यावर चक्क उभे राहिले. एक पाय, मग दोन्ही पाय, मग थोडे हलले. नट 'कुईं' करून ओरडला. चाकामागून चाक, असाच नाच.

गच्चीवर पापड उचलायला गेलेल्या मंजुषाबाईंनी वरून बघितलं. "पाइप हाय का तो?"

"सदर बाब तपासणीअंती बंद करण्यात आली आहे," बाबू म्हणाले आणि पाइप मोटारीमागे गेला.

पूजा होऊन आरतीची घंटा खाली ठेवली, तोच फाटकातून रूपराव. कपाळाला कुंकू, पायात चप्पल उलटसुलट.

"अच्युतभाऊ, क्रॉस पाना द्या बरं जरासा. माह्या गाडीचं मागचं चाक बसलं. आपला पाना कोठी ठेवला, सापडूनच नाई राह्यला. गॅरेजवाले तं सारे पूजा मांडून बसले, कोनी हात नाई लावून राह्यलं."

बाबूंच्या छातीत ढोल वाजायला लागला. तोंड मात्र त्यांनी दुःखी केलं. इतकं दुःखी की रूपरावांना वाटलं घरात कोणी गेलं.

"रूपराव," बाबू म्हणाले, एकेक शब्द शिक्का मारल्यासारखा, "पूजेतला पाना देत नसतात."

"पाच हायेत ना भाऊ. एखांदा..."

"पाचही पूजेत आहेत. देवासमोर पाचही सारखे."

"शिपाईबी?" रूपरावांनी एल पान्याकडे बोट केलं.

"शिपायालाही सुट्टी असते. उद्या संध्याकाळी सोनं वाटून झालं की घेऊन जा. नियम आहे."

रूपराव पाटाकडे बघत राहिले, मग बाबूंकडे. "नियम हाय तं हाय," म्हणाले आणि गेले. थोड्या वेळानं सुलोचनाबाई आल्या. "अच्युत, रूपरावची गाडी उभीच हाय. आता तुह्याच गाडीनं जावं लागन बापा."

"इलाज नाही," बाबू म्हणाले. त्या रात्री त्यांनी झोपेत दोनदा "मामाची!" म्हटलं, असं मंजुषाबाई सांगतात.

दसऱ्याला सकाळी गाडीला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू फोडलं. निघता निघता मंजुषाबाई दारात थांबल्या. "अहो, एक तरी पाना घ्या संगं. लांबचा रस्ता हाय."

बाबूंनाही तेच वाटत होतं. हात पाटाकडे गेलाही. पण समोरच्या ओट्यावर रूपराव दात घासत बसले होते. ब्रश तोंडात, नजर इकडे. नुसती नजर. बाबूंचा हात वाटेत वळला आणि त्यांनी देवाला नमस्कार केला.

"रूपराव पाहून राह्यला," ते दातांतून बोलले.

"मंग चाक बसलं तं पाना लावसान का रूपरावची नजर?"

"टायर नवे आहेत. बसा."

वर्ध्यात दसऱ्याची गर्दी म्हणून बाबूंनी पुलगाव, देवळी, अल्लीपूर असा रस्ता धरला. पुढे सुमीत, डोक्याला फेटा, मांडीवर नारळ. मागे दोघी बाया आणि पेढ्यांचे डबे. बाबू गाडी अशी चालवत होते की तिच्यात नवरदेव नसून पाण्यानं काठोकाठ भरलेली घागर आहे. सायकलवालेही पुढे गेले.

अल्लीपूर मागे पडलं आणि गाडी उजवीकडे झुकली. 'फट्' झालं नाही. 'फुस्स' झालं. जरा अपमानास्पदच.

सगळे उतरले. दोन्ही बाजूंनी सोयाबीन कापलेली शेतं, वर ऊन. मागच्या चाकात बोटभर खिळा. बाबू खाकरले. सुमीतनं डिकी उघडली. आत स्टेपनी होती. आणि जिथं एरवी पाच हत्यारं झोपायची, तिथं स्वच्छ, झाडलेली, रिकामी जागा.

"मामाजी, पाने?"

"पूजेत."

"अन् जॅक?"

"तोही."

सुलोचनाबाईंनी पदर खोचला. "मंग टायर काऊन नाई ठेवला रे पूजेत? त्यानं काय पाप केलतं?"

बाबू एका मोटारसायकलच्या मागे बसून परत अल्लीपूरला गेले. वेशीवरच पंक्चरचं दुकान. उघडं. बाबूंना धीर आला. आत ऋतिक नावाचा दुकानदार नवा शर्ट घालून खुर्चीवर बसला होता आणि त्याच्यापुढे पाटावर सगळी हत्यारं, पहारीपासून ट्यूब घासायच्या कानशीपर्यंत, फुलं लावून बसली होती. लग्नाच्या पंगतीसारखी.

"काका, आज हत्यार उचलत नाई. पूजा मांडली हाय. सायंकाळी सोनं वाटलं की येतो मी."

"हे पाहा, सदरचा नियम आपत्कालीन परिस्थितीत शिथिल करता येतो."

"कोनं शिथिल केला?"

"शिथिल... म्हणजे तशी तरतूद असते."

"मंग तसा अर्ज द्या ना काका," ऋतिकनं पाटावरच्या देवीच्या फोटोकडे हात केला. "साहेब तिथंच बसले हायेत."

बाबूंचं शटर खाली आलं. "अरे बापू, नवरदेव रोडवर उभा हाय रे! एक पाना दे. तो वाकडा दे, शिपाई. कुंकू नाई पुसू देत मी त्याचं."

"तुमी असते तं देल्ला असता का?"

बाबूंनी पाटाकडे पाठ केली. ते चालत निघाले.

परत आले तो गाडीमागे एक पांढरी, उंच गाडी उभी. टपाला फूलबिल काही नाही. सुलोचनाबाई तिच्या सावलीत बसून पाणी पीत होत्या. आणि बाजूला रूपराव, हातात एल पाना.

"सापडला, अच्युतभाऊ. बायकोनं कूलरखाली टेकू लावलता. पूजेच्या वक्ती कोनाले दिसलाच नाई. वर्धा जिल्ह्यात आज कुंकू न लागलेला हाच एक असन. चाक बदललं अन् मीबी निघालो साखरपुड्याले." त्यांनी पाना पुढे केला. "घ्या. तुमच्या नटाले हाच नंबर लागते. जॅकबी हाय."

रूपराव आणखी काही बोलले असते, टोमणा मारला असता, तर बरं झालं असतं. ते जॅक काढायला आपल्या डिकीकडे वळले. बाबूंना ऊन एकदम जास्त लागायला लागलं. पण हातात पाना आला आणि अंगात मास्तर शिरला.

"आधी नट. जॅक नंतर," त्यांनी सुमीतला सांगितलं. "पाना पूर्ण बसला पाहिजे. दांडी डाव्या हाताले आडवी. अन् आता, हलकासा झटका."

हलकासा झटका. काही नाही.

मध्यम झटका. काही नाही.

बाबूंनी शर्टाच्या बाह्या वर केल्या, श्वास कोंडला आणि असा जोर लावला की चेहरा झेंडूवरून गुलालावर गेला. नट बसल्या जागी हसत होता. सुमीत आला, त्याचा फेटा सुटून चाकाभोवती गुंडाळला. रूपराव आले, शेतात नांगर धरलेला हात, तरी नट हलेना.

"कोनं कसले वो हे?" रूपराव धापा टाकत म्हणाले. "मानसानं कसले का रोलरनं?"

"कंपनीनं," बाबू म्हणाले.

"पाइपानं," मंजुषाबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले. त्यांनी शांतपणे पेढ्याच्या डब्याची दोरी बांधली. "परवा... नाई, कालच. फाटक लावून. वर उभं राहून नाचले. काय म्हनता तुमी ते जी? ज्याच्या हातात अक्कल नाई, त्याच्या हातात काय असते?"

शेतात एक बगळा उडाला.

शेवटी सुलोचनाबाई उठल्या. त्यांचं वजन हा घरात बोलायचा विषय नाही, पण दारं त्यांना ओळखतात. "सरका," म्हणाल्या. चप्पल काढली. जरीचं लुगडं गुडघ्यापर्यंत धरलं, एक हात गाडीच्या टपावर, एक सुमीतच्या खांद्यावर, आणि देवाचं नाव घेऊन पान्याच्या दांडीवर चढल्या. कर्र. कर्रर्र. कडाक्!

"सुटला!" सुमीत ओरडला.

"एक सुटला," रूपराव म्हणाले. "चार बाकी."

तेवढ्यात हिंगणघाटहून फोन. मुलीकडचे विचारत होते, कुठवर आलात? मुहूर्त निघून चालला. आणि मामा आहेत ना सोबत? नारळ मामाच्या हातानं द्यायचा आहे. सुलोचनाबाईंनी दांडीवर उभ्या उभ्याच उत्तर दिलं, "आलोच, आलोच, वेशीत हावो," आणि उतरून फर्मान सोडलं. "चार नट सोडवेपर्यंत पोरीले दुसरं स्थळ येईन. चला, रूपरावच्या गाडीत बसा सारे."

"मी थांबतो," बाबू म्हणाले. "गाडी एकटी कशी..."

"अच्युत."

बहिणीनं नुसतं नाव घेतलं. लहानपणी विहिरीच्या काठावरून ओढून आणताना घेत असे, तसं. बाबूंनी आपल्या गाडीकडे बघितलं. हार, लिंबाचा डाग, बसलेलं चाक, आणि एक उघडा पडलेला नट. मग ते रूपरावांच्या गाडीत चढले. पुढे नवरदेव, मधे बाया आणि मिठाई. बाबूंच्या वाट्याला सगळ्यांत मागची जागा, जिथं बसल्यावर गुडघे कानाला लागतात. सीटखालून पऱ्हाटीच्या काड्या पायाला टोचत होत्या.

हिंगणघाटचा मांडव आंघोळीतल्यासारखाच होता. ओवाळायला बाया. गाडी थांबली. दार उघडलं. नवरदेवाचा पाय बाहेर. टाळ्या. आणि गर्दीतून एक जाड, सुखवस्तू आवाज. तो मुलीच्या वडिलांचा, गोपालरावांचा होता.

"वा! मोठी गाडी हाय. कोनाची म्हनाव?"

मागच्या जागेवरून उतरायचं तर मधली सीट पाडावी लागते. बाबू नेमके त्या वेळी पाठमोरे, कमरेपासून वाकलेले, आधी बूड बाहेर आणि मग माणूस, असे उतरत होते. प्रश्न कानावर पडला आणि इतक्या दिवसांचा सराव तोंडातून आपोआप सुटला.

"मामाची!"

सुमीत नारळाकडे बघू लागला. रूपराव चावी बोटावर फिरवत म्हणाले, "हो, हो. त्याहिचीच समजा."

यापेक्षा त्यांनी थोबाडीत दिली असती तर बाबूंनी आनंदानं घेतली असती.

पण लोकांचं लक्ष तोवर भलतीकडेच गेलं होतं. मुलीच्या आत्या आनंदाबाई आरतीचं ताट घेऊन पुढे आल्या आणि थबकल्या. "अन् मामाजीच्या हातात काय हाय वो हे?"

बाबूंनी खाली बघितलं. एल पाना. निघताना नटावरून काढलेला, तो हातातून सोडायचा राहूनच गेला होता. नवरदेवाचा मामा साखरपुड्याला लोखंडी दांडका घेऊन आला, हे आता पाहुण्यांत कुजबुजत पसरू लागलं. बाबूंच्या डोक्यात पंचवीस वर्षांची कचेरी धावत आली.

"दसरा आहे," ते छाती काढून म्हणाले. "आमच्याकडे आजच्या दिवशी शस्त्र हाती घेऊनच प्रवेश करण्याची प्रथा आहे."

"आँ?" मंजुषाबाई म्हणाल्या.

"माय! किती चांगली प्रथा," आनंदाबाई गहिवरल्या. त्यांनी बाबूंच्या कपाळाला कुंकू लावलं. मग पान्यालाही हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ताटातलं एक झेंडूचं फूल दांडीच्या वाकड्यात खोवलं आणि दोघांना मिळून ओवाळलं. मागच्या बायांनी पान्याला हात जोडले.

गर्दीत फक्त एका माणसाच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरत गेलं. रूपरावांच्या.

साखरपुडा झाला. नारळ मामाच्या हातानं दिला गेला. अंगठ्या झाल्या, सुमीत आणि सुरभीचे फोटो झाले, जेवणं झाली. पंगतीत गोपालरावांच्या शेजारी बाबूंना जागा मिळाली आणि गेलेली अब्रू परत आणायची संधीही. बाबूंनी ती सोडली नाही. पहिल्या पुरीपासून एल पाना, मसालेभाताबरोबर क्रॉस पाना, जिलबीला टॉर्क पाना. 'खट्'ही करून दाखवला, जिभेनं. गोपालराव मान हलवत होते, कारण व्याह्यांपुढे माणूस दुसरं काय हलवणार. ताक आलं तेव्हा बाबूंनी बोट वर केलं, आवाज खाली आणला.

"अन् एक लक्षात ठेवा. पाइप लावाचा नाई. ज्याच्या हातात अक्कल नाई..."

मंजुषाबाईंना जोराचा ठसका लागला.

हात धुऊन बाबू रूपरावांकडे सरकले. ते कडुनिंबाखाली खुर्चीत पान चघळत होते आणि पाना मांडवातल्या देवापाशी, पाटावर, फुलासकट ठेवलेला होता.

"रूपराव, चला ना जरा. गाडी रोडवर हाय. सोबत पाना घेऊ, चार नट काढू, अर्ध्या तासाचं काम."

रूपरावांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. या क्षणाची ते सकाळपासून, दात घासत, वाट बघत होते.

"अच्युतभाऊ," ते एकेक शब्द शिक्का मारल्यासारखा म्हणाले, "पूजेतला पाना देत नसतात."

"अरे पन..."

"नियम हाय."

म्हणून ऊन उतरेपर्यंत बाबू मांडवात बसून राहिले. तिकडे अल्लीपूरच्या रस्त्यावर त्यांची गाडी हार घालून एकटी उभी होती. सोनं लुटायला निघालेले लोक तिच्याकडे बघत. कोणी नवी गाडी पूजा करून ठेवली असेल, असं समजून बऱ्याच जणांनी टपावर आपट्याचं पान ठेवलं आणि नमस्कार केला.

दिवस कलला. मांडवात सोनं वाटणं सुरू झालं. रूपराव आले, बाबूंच्या हातात आपट्याची पानं दिली, गळाभेट घेतली. मग पाटावरून पाना उचलला, फूल काढून देवाला वाहिलं आणि पाना बाबूंच्या दुसऱ्या हातात ठेवला.

"सोनं घ्या, भाऊ. अन् आता हाबी घ्या. चार नट बाकी हायेत. सुलोचनाताई मात्र येत नाई म्हनते, तिचे पाय दुखून राह्यले."

रूपराव गाडी काढायला गेले. बाबू जागेवरच उभे राहिले. एका हातात सोनं, दुसऱ्या हातात शिपाई. त्यांनी चार नटांचा हिशोब केला, बहिणीच्या वजनाचा केला, आपल्या वजनाचा केला. डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. मग गोपालरावांना कोपरानं हलकेच बाजूला घेतलं, मांडवाच्या खांबामागे, आणि त्यांच्या कानाशी लागून, कचेरीचा एकही शब्द न वापरता म्हणाले:

"भाऊ, तुमच्याकडं एखांदा पाइप असन का वो?"